हक्काचे तीन दिवस

माझ्या आईला महिन्यातून तीन दिवस हक्काची रजा होती आणि ती माझ्या वडिलांनी काढून घेतली. काढून घेतली म्हणून गावानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय आणि दर वेळी समोरचा माणूस हसतो. मी हसवण्यासाठी सांगत नाही. आजही ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमचं गाव पालघरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घराला लागून वाडी होती. कडेनं नारळ, मग केळी आणि आत सावलीत पानवेली. खायच्या पानाचा वेल हा भारी लाडावलेला प्रकार असतो. त्याला ऊन नको, वारा नको, पाणी रोज हवं पण साचलेलं नको. आणि पानं खुडून आली की त्याच दिवशी ती निवडायची, डागाळलेली बाजूला काढायची, लहानमोठी वेगळी करून करंड्यांत थर लावून भरायची, कारण रात्रीच्या गाडीला त्या करंड्या पालघर स्टेशनवर पोचायला हव्यात. खुडायला गडीमाणसं होती. निवडायचं काम घरातल्या बायकांचं. घरात बायका दोन, आई आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला म्हणून माहेरी परत आलेली. आपल्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही असं ती म्हणायची. तांदळातला खडा तिला ओटीवरून दिसायचा, फक्त पानावरचा डाग दिसायचा नाही. त्यामुळे पानं निवडायचं काम एकट्या आईचं.

वडील शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सकाळ-संध्याकाळ वाडी बघायचे, दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात समाजसुधारणा. आईला उरलेला वेळ नावाचा प्रकार नव्हता. पहाटे पाणी, मग चूल, मग गोठा, मग पानं, मग परत चूल, आम्हा तीन भावंडांचं सगळं आणि रात्री वडिलांच्या समाजसुधारणा मंडळाची माणसं आली की चहा. ती कधी बसलेली दिसली तर पुढ्यात पानांचा ढीग असायचाच.

आणि मग महिन्यातून एकदा तिला कावळा शिवायचा.

त्या दिवशी सकाळी ती माळ्यावरची चटई काढायची आणि मागच्या पडवीत जाऊन बसायची. वेगळी चटई, वेगळं पांघरूण, वेगळा तांब्या. तिला कोणी शिवायचं नाही, तिनं कशाला शिवायचं नाही. पानांच्या जवळपास तर फिरकायचंही नाही, कारण बाईच्या विटाळानं वेल सुकतो असं आमच्याकडे सगळे मानायचे, गडीमाणसं तर फारच. चूल आत्याकडे जायची. पानं शेजारच्या काकू निवडून द्यायच्या, त्यांची पाळी आली की त्यांची पानं आई निवडायची. गावातल्या बायकांची ती जुनी सोय होती.

ती प्रथा चांगली होती असं मी म्हणतेय असं कोणी समजू नये. पावसाळ्यात त्या पडवीत खालून ओल यायची आणि थंडीत आई एका पांघरुणात मुटकुळं करून पडायची. माणसाला शिवायचं नाही असं ठरवून कोपऱ्यात बसवणं घाणेरडंच. माझ्या लहान भावाला ताप आला होता तेव्हा ती लांबून त्याच्याकडे बघत बसली होती, ते मला अजून आठवतं.

पण त्या तीन दिवसांत माझी आई वाचायची.

ती सातवीपर्यंत शिकलेली होती. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय होतं, तिथून पुस्तक आणायला ती मला पिटाळायची. पुस्तक कुठलं आणायचं ते ठरलेलं असायचं. रहस्यकथा. खून पाहिजे, वाडा नको, भूत तर मुळीच नको. भुताला कोण पकडणार, त्यात काय वाचायचं, असं तिचं म्हणणं. विटाळात पोथीला शिवायचं नाही असा आत्याचा नियम होता, पण खुनाच्या पुस्तकाला विटाळ लागत नसावा. मी पुस्तक पडवीच्या कडेला ठेवायचे, आई ते उचलायची, खांबाला पाठ टेकायची आणि पाय लांब पसरायची. एरवी कुठल्याही दिवशी मी तिला पाय पसरून बसलेलं पाहिलेलं नाही.

दुपारी आम्ही भावंडं मागच्या अंगणात, शिवायचं नाही एवढं अंतर राखून बसायचो आणि ती आम्हाला खून सांगायची. कोण मेला, कोण कुठे होता, कोणाच्या चपलेला चिखल होता. संशय कोणावर ते आम्ही ओळखायचं. आईचा संशय कायम घरातल्या सभ्य माणसावर असायचा आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. तिसऱ्या दिवशी पुस्तक संपायचं, चौथ्या दिवशी न्हाऊन ती घरात यायची आणि पुन्हा पानांपुढे बसायची. पण त्यानंतरचे काही दिवस ती कामातसुद्धा खुशीत असायची, मध्येच हात थांबवून म्हणायची, त्या डॉक्टरचं मला पहिल्यापासून खरं वाटत नव्हतं.

मी पाचवीत असताना वडिलांनी सुधारणा घरापासून सुरू करायची ठरवली.

माझे वडील वाईट नव्हते. वाईट असते तर मला एवढा राग आला नसता, वाईट माणसाबद्दल आपण अपेक्षाच ठेवत नाही. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, कधी दारूला शिवले नाहीत. गावातल्या मुली सातवीच्या पुढे शिकाव्यात म्हणून लोकांच्या घरी जाऊन जाऊन त्यांनी चपला झिजवल्या. मंडळाच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं की बायकांना बाहेर बसवणं अन्यायाचं आहे आणि माझ्या घरातून मी ते आजपासून बंद करतो. टाळ्या पडल्या. नुसतं बोलून भागणार नव्हतं, करून दाखवायला हवं होतं. मग मंडळाची सगळी माणसं वडिलांच्या मागोमाग आमच्या घरी आली.

आई तेव्हा नेमकी पडवीत होती. पहिलाच दिवस होता, पुस्तक नुकतंच हातात घेतलेलं. एवढी पुरुषमाणसं मागच्या अंगणात बघून ती घाईनं पाय आवळून, पदर सावरून उठून उभी राहिली. वडिलांनी पुढे होऊन सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला. आत्यानं दारातून किंकाळी फोडली. वडील म्हणाले, "आजपासून तू मोकळी."

आणि तिचा हात धरून त्यांनी तिला थेट चुलीपुढे नेऊन उभं केलं.

मंडळाच्या माणसांनी तिच्या हातचा चहा प्यायचा, हाच तर पुरावा होता. तिनं अंगणभर माणसांचा चहा केला. नुसता चहा बरा दिसत नाही म्हणून वडिलांनी पोहे सांगितले, म्हणून पोहे केले. सगळ्यांनी खाल्ले, सगळे तिला वहिनी वहिनी म्हणाले आणि एकानं तिला विचारलं, आता कसं वाटतंय. उत्तर त्यानंच देऊन टाकलं, पुढच्या महिन्यात गावानं वडिलांचा सत्कार केला आणि मी ज्या पुस्तकासाठी भर उन्हात वाचनालयात गेले होते ते पुस्तक पडवीत पालथं पडून राहिलं. ते तिनं न वाचताच मी परत नेऊन दिलं.

आत्या दोन दिवस जेवली नाही. घराण्याचं वाटोळं होणार, वेली जळणार, म्हणून रडली. मग पुढच्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की आता आपल्याला तीन दिवस चूल सांभाळावी लागत नाही. त्यानंतर आत्याइतकी कट्टर सुधारक पंचक्रोशीत सापडली नसती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्याकडे तसला काय नाय आता, आमची भावजय मोकली हाय. वेली काही जळल्या नाहीत. उलट वडिलांनी हेही सगळ्यांना दाखवलं की बघा, विटाळाच्या बाईनं पानं निवडली तरी वेल हिरवागार आहे. म्हणजे त्या दिवसांत पानंही आलीच.

कोणी तरी एकानं तरी विचारायचं होतं की त्या बाईचे तीन दिवस होते, ते कुठे गेले. शिवायला बंदी नको, ओली पडवी नको, हे सगळं बरोबर. पण आत घरात, कोरड्या जागेवर, गादीवर तिला तीन दिवस बसू द्यायला काय झालं होतं? विटाळ गेला तसा विसावाही गेला आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांच्या ते ध्यानातही आलं नाही. मला स्वतःला त्या सुधारणेचा फायदाच झाला. मला कधीही कोपऱ्यात बसावं लागलं नाही, परीक्षेला जाता आलं, नोकरीला जाता आलं. हे सगळं कबूल करूनही माझा राग जात नाही.

बारावीनंतर मला बोईसरला नोकरी लागली. औषधांच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीत पॅकिंगला. सकाळी पालघरहून गाडीनं बोईसर, तिथून कंपनीच्या बसनं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. आम्ही सगळ्या मुलीच होतो त्या खात्यात, मुरब्याच्या, बेटेगावच्या, कुठून कुठून आलेल्या. एकदा मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आला आणि आठवडाभर हातात घड्याळ घेऊन आमच्या मागे उभा राहिला. कोणाला डबी भरायला किती वेळ लागतो ते तो टिपून घ्यायचा. मुली चिडायच्या, त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायच्या. मलाही राग यायचा. पण एक दिवस त्यानं आम्हाला त्याचा हिशेब समजावून सांगितला, तेव्हा माझा राग ओसरला. माणूस दमतो, त्याला पाणी प्यायला, कंबर सरळ करायला वेळ लागतो, हे त्याच्या हिशेबात धरलेलं होतं. आमच्या दमण्यालाही त्याच्या कागदावर जागा होती. आणि गोळ्यांच्या पट्ट्या बनवणारं मशीन महिन्यातून ठरलेल्या दिवशी बंद ठेवून, खोलून साफ करायचे. फिटर उत्तरेकडचा होता, तो हिंदीत सांगायचा की असंच रेटत राहिलात तर एक दिवस हे बसेल ते उठणारच नाही. त्या दिवशी माल कमी निघतो म्हणून कोणी साहेब बोंबलायचा नाही.

मी घरी यायचे तेव्हा आई दिव्याखाली पानं निवडत असायची.

पगार हातात आल्यावर बरोबरीच्या मुलींनी साड्या घेतल्या, कानातलं केलं, कोणी हप्त्यावर टीव्ही घेतला. मी ठरवलं की आपण आईसाठी वेळ विकत घ्यायचा. वेळ विकत मिळतो असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. बोईसरच्या बाजारातून मी मिक्सर आणला. पाट्यावर वाटण करण्यात तिची सकाळ जायची, तो वेळ वाचेल असा माझा हिशेब. झालं काय, तर आधी चटणी कधीमधी असायची, ती आता रोज लागायला लागली. वडिलांना जेवताना दोन वाटणं पाहिजेत. आळीतल्या चार घरचं खोबरं आमच्याकडे वाटायला यायला लागलं, कारण आमच्याकडे एखादी वस्तू आली की ती सगळ्या भावकीची असते, नाही म्हणायची सोय नाही. मग काही दिवसांनी गॅसचा नंबर लागला. चुलीच्या धुरातून ती सुटली, तर वडील म्हणाले, आता तुला काम काय उरलंय? आणि त्यांनी पानवेलींचा आणखी एक वाफा लावला.

आता तुला काम काय उरलंय. हे वाक्य ते चेष्टेनं म्हणायचे, रोज म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मिक्सर आणला, गॅस आणला आणि त्यांनी दर वेळी वाचलेल्या वेळावर आधीच हात टाकलेला असायचा. घरात वस्तू आणून काही होणार नाही, हे मला उशिरा का होईना कळलं. आईला काम कमी नको होतं. तिला काम बंद पाहिजे होतं, पूर्वीसारखं, ठरलेले दिवस, कोणी हाक मारायची नाही असे.

आमच्या वाडीत एक बाई कामाला होती. डोंगराकडच्या एका पाड्यावरची, नवऱ्याबरोबर पावसाळा सरला की कामाला यायची, पुढे वाडीच्या टोकाला झोपडं बांधून कायमची राहिली. पानं खुडायची, पाणी सोडायची. तिची तांदळाची भाकरी आई गुपचूप आवडीनं खायची. मी एका रात्री जेवताना सांगितलं की महिन्यातून तीन दिवस ही बाई आपल्याकडे स्वयंपाक करेल, आई ते तीन दिवस काहीही करणार नाही, पैसे मी देईन.

आत्या लगेच म्हणाली, तिच्या हातचा मी खानार नाय. तिचं मला काही वाटलं नाही, ती मनात येईल ते तोंडावर बोलायची. मी वडिलांकडे बघत होते. ज्यांनी सगळ्या गावासमोर बायकोचा हात धरून तिला चुलीपाशी नेलं, ते आता काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. ते आधी म्हणाले, घरात बाई असताना पैसे देऊन बाई कशाला, पैसे काय वर आलेत? मी म्हटलं, पैसे माझे आहेत. मग ते म्हणाले, स्वच्छतेचा प्रश्न असतो. मी म्हटलं, तिनं खुडलेली पानं तुम्ही जेवण झालं की खाता ना? मग त्यांनी थोडा वेळ भात कालवला आणि म्हणाले, "माझं काही नाही गं. पण आत्याचं आता वय झालं."

माझं काही नाही. मी ताटावरून उठले. जे तोंडाला आलं ते बोलले, मंडळाचं काढलं, टाळ्यांचं काढलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की दोन पैसे मिळवायला लागलीस म्हणून घर तू चालवणार का. आई सगळा वेळ आम्हाला वाढत होती. मला तिचाही राग आला. आमटी हवी का, एवढंच तिनं विचारलं.

त्यानंतर महिनाभर गेला असेल. रविवार होता, मी घरी होते. पुढच्या अंगणात करंड्या भरायला गडीमाणसं जमली होती, पानांच्या व्यापाऱ्याचा माणूस भाव ठरवायला आला होता, आता शाळेतून निवृत्त झालेले वडील अर्धी दाढी झालेल्या तोंडानं त्याच्याशी बोलत होते. आई स्वयंपाकघरातून उठली. माळ्यावर चढून तिनं ती जुनी चटई काढली, झटकली आणि मागच्या पडवीत नेऊन पसरली. मग तिथूनच, पुढच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी बाहेर बसलेय."

आम्ही बायका जिथल्या तिथे थांबलो. कारण आईची पाळी जाऊन वर्षाच्या वर झालं होतं. मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं आणि वडिलांनाही माहीत असणारच. पण ही गोष्ट आमच्याकडे कोणी तोंडानं बोलत नाही, पुरुषानं तर चारचौघांत अजिबातच नाही.

वडील तोंडाला साबण तसाच घेऊन मागे आले. पडवीपर्यंत आले आणि अंगणातच थांबले, आम्ही लहानपणी बसायचो तेवढ्याच अंतरावर. त्यांच्या मागोमाग दोन गडीही येऊन कुंपणापाशी उभे राहिले. त्यांना काळजी पडली होती की मालकीण बाहेर बसली तर पानं कोण निवडणार.

"अगं, आपण हे बंद केलंय ना," वडील हळू आवाजात म्हणाले.

"तुमी बंद केलंत. मी नाय."

"पण आता..." त्यांनी मागे वळून गड्यांकडे बघितलं. "आता तुझं कुठलं..."

"काय आता?" आई म्हणाली. "बोला ना. सगल्यांना आयकू दे."

इतकी वर्षं व्यासपीठावरून पाळी, विटाळ, विज्ञान यांवर भाषणं केलेला माणूस स्वतःच्या बायकोची पाळी गेली आहे हे दोन गड्यांसमोर उच्चारू शकला नाही. तोंडावरचा साबण वाळत चालला होता, तसेच ते परत फिरले. मला इतका आनंद झाला होता की मला तो लपवता येईना.

बोलायचंच तर आत्या बोलली असती. पण आत्याची पंचाईत वेगळी होती. बाईनं आपण बाहेर बसलो म्हटलं की त्यावर संशय घ्यायचा नसतो, ते पाप, असं तिनंच आम्हाला शिकवलं होतं. ती दारात उभी राहून पुटपुटली, बसली म्हणते तर बसली. आणि लगेच पुढे म्हणाली की माज्याच्यान आता चूल होत नाय. मग मी वाडीतल्या त्या बाईला बोलावून आणलं. दुपारी तिनं भात आणि कोळंबीचं कालवण केलं. वडील मान खाली घालून जेवले. आत्यानं दोन वेळा केळी आणि दूध घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कालवणाच्या वासानं तिचा निश्चय ढिला पडला. भाताला काय होत नाय म्हणत तिनं ताट पुढे ओढलं आणि कालवणही घेतलं. शेजारच्या काकूंबरोबरची ती अदलाबदल केव्हाच मोडली होती, म्हणून पानं वडिलांनी निवडली. आईनं निवडली तरी वेल जळत नाही हे त्यांनी स्वतः सिद्ध केलेलं होतं, पण गडी तिला पानांकडे फिरकू देईनात. तीन दिवस ते ओटीवर कंबरेत वाकून बसले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांना उठताना खांबाचा आधार घ्यावा लागला.

मी धावत जाऊन वाचनालयातून खुनाचं पुस्तक आणलं. आईनं उघडलं, जवळ धरलं, लांब धरलं, उन्हाकडे केलं आणि मिटून बाजूला ठेवलं. तिला अक्षरं दिसत नव्हती. चाळिशी लागून किती वर्षं झाली होती कोण जाणे. ती वाचतच नव्हती, त्यामुळे ते तिला कळलं नाही आणि आम्हाला तर नाहीच नाही. पानं ती बोटांनी चाचपून निवडत आली होती. तो सगळा दिवस मी तिला वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मध्येच माझा आवाज चढायचा, तेव्हा ती म्हणायची, खून त्यानं केलाय, तू कशाला ओरडतेस. पुढच्या आठवड्यात मी तिला पालघरला नेऊन चष्मा करून आणला.

मग ते दर महिन्याला सुरू झालं. दिवस तिचे, तारीखही तिचीच. त्या बाईला कुठे लग्नाला, पाड्यावर जायचं असलं की आई आपले दिवस मागेपुढे करायची. मंडळाचे पाहुणे यायचे असले की मात्र हटकून तेव्हाच बसायची. वडिलांनी पुन्हा काही विचारलं नाही.

आणि एका दुपारी, तिसऱ्याचौथ्या महिन्यात असेल, ती चष्मा लावून, पाय पसरून, खांबाला टेकून वाचत बसली होती. मी पायरीवर बसले होते. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. मुलींनी सोनं केलं, टीव्ही घेतले आणि मी त्याहून थोड्या पैशांत आईला महिन्यातून तीन दिवस घेऊन दिले, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मी तिला विचारलं, आता बरं वाटतं ना.

"बरं वाटतं," ती म्हणाली. पान उलटलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "पन बाय, आता मला काय दुखत नाय."

मला कळलं नाही. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

"तेवा दुखायचं. पयल्या दिवशी तर उबं रावत नव्हतं मला. पडून रावं लागायचं, पुस्तक पोटावर धरून. तुजा बाप मला आत घेऊन गेला ना, त्यानंतर दर मयन्याला चुलीपुडे उबी रायले ती पाली जाईपर्यंत. कोनाला सांगनार? मी मोकली झाले होते ना."

एवढं बोलून ती परत वाचायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. सगळा राग माझ्याच वाट्याला आला होता. मला तिथून उठून पुढच्या ओटीवर जावं आणि पानं निवडत बसलेल्या त्या माणसाला गदागदा हलवावं असं वाटलं. मी गेलेही. ते डोळ्यांजवळ पान धरून डाग शोधत होते. मला बघून म्हणाले, जरा बस, हात लाव. मी बसले नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी बोईसरला राहायला गेले, तरी त्या बाईचे पैसे मी दर महिन्याला गावाला पोचवायचे, पगारवाढ झाली की तिचेही वाढवायचे. आई एकामागून एक खून वाचत होती. आयुष्यात मी जो काही खर्च केला त्यात याहून सार्थकी लागलेला खर्च मला दाखवता येणार नाही. आणि तरीही प्रत्येक महिन्याला पैसे काढून देताना माझं रक्त उकळायचं. आता मी त्या तीन दिवसांचे पैसे मोजत होते. तिला हवे होते तेव्हा ते फुकट होते.